वर्गासाठी स्वच्छ आलेख कसे काढता? (झेरॉक्सनंतरही वाचता येतील असे)

मासुंदा | १७ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

नौपाड्यात घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. गणित आणि विज्ञान दोन्ही. मुलं अकरा, वर्ग म्हणजे आमचा हॉल. दरवर्षी पुस्तकातलेच आलेख दाखवते. यंदा म्हटलं, सुट्टीत स्वतःच्या कामपत्रिका करू. हौसेने केल्या आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले.

झालं असं. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेतलं, तापमापी बुडवली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. नोंदी अशा:

सुरुवातीला – ८० अंश
१ मिनिट – ७५
२ मिनिटं – ७१
५ मिनिटं – ६०
१० मिनिटं – ४८
२० मिनिटं – ३७

(मध्येच कुकर लावायचा होता, म्हणून नोंदींमधलं अंतर वाढत गेलं. चालून जाईल असं वाटलं.) मग ताटली झाकलेल्या पेल्याच्याही अशाच नोंदी घेतल्या. संगणकावर आकडे भरले, चार्टमध्ये 'लाइन' निवडलं, उघड्या पेल्याची लाल आणि झाकलेल्याची हिरवी अशा दोन झकास रेघा आल्या. स्टेशनजवळ अकरा प्रती काढून आणल्या. लाल-हिरवं दोन्ही एकसारखं राखाडी, मागच्या चौकटी मात्र काळ्याकुट्ट.

तेही एक वेळ चाललं असतं. पण नववीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, पाणी आधी हळू आणि नंतर भरभर थंड होतं का?" मी कागदाकडे बघतच राहिले. माझा आलेख खरंच तसं दाखवत होता! आणि आदल्या दिवशी मीच बरोबर उलटं शिकवलं होतं.

तर, माझं नक्की काय चुकलं? तुम्ही कशात आलेख काढता? की सरळ हाताने काढून त्याच्या प्रती काढाव्यात?

---

अर्धा_चहा | १७ जून, रात्री १०:५८

वाचनखूण साठवली. मुलगी दहावीत आहे. शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

ऐरोलीकर | १७ जून, रात्री ११:२०

ताई, गोम त्या 'लाइन' शब्दात आहे. मीही यात एकदा फसलोय, तेही ऑफिसात, साहेबांसमोर.

लाइन चार्ट डावीकडच्या रकान्याला आकडे समजत नाही, नावं समजतो. सोमवार, मंगळवार, बुधवार असतात ना, तसं त्याच्या लेखी ०, १, २, ५, १०, २०. आणि नावं तो समान अंतरावर मांडतो. म्हणजे १ ते २ मिनिटं आणि १० ते २० मिनिटं यांना कागदावर सारखीच जागा. आता तुमचे उतार बघा: ५, ४, ११, १२, ११. आधी हळू, मग धपाधप. तुमच्या विद्यार्थ्याने आलेख अगदी बरोबर वाचला, त्याला शाबासकी द्या.

त्याच आकड्यांवर 'स्कॅटर' किंवा 'एक्स-वाय' प्रकार निवडा. एक्सेल, कॅल्क, गूगल शीट्स, तिन्हींत तो आहे. मग वेळ खऱ्या अंतरावर मांडली जाते. पहिल्या मिनिटात ५ अंश उतरले, शेवटच्या दहा मिनिटांत मिळून ११, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक. वक्र आधी कोसळतो आणि मग लोळण घेतो, तसा दिसेल.

आणखी एक सापळा. स्कॅटरमध्येच 'स्मूद लाइन' म्हणून पर्याय असतो. तो दिसतो देखणा, पण प्रत्येक बिंदूतून जायच्या हट्टापायी मध्येच नसलेले उंचवटे काढतो. मी नुसते बिंदू छापतो आणि वक्र मुलांना पेन्सिलीने काढायला लावतो.

गणितासाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर. २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी ते सुरू केलं, आणि शिकवण्यासाठी फुकट आहे. फक्त अक्ष ओढताना सांभाळा. दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं झालं की वर्तुळाचं अंडं होतं आणि लंब रेषा लंब दिसत नाहीत. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषा काढून बघा. प्रमाण १:१ असेल तरच कोन काटकोन दिसेल. भूमितीचं काही असेल तर १:१ सोडूच नका. पाणी थंड होण्यासारख्या आलेखात मात्र ती अट नाही, तिथे मिनिटं आणि अंश यांची बरोबरी कशी करणार?

---

मासुंदा | १७ जून, रात्री ११:३१

अरे देवा. इतकं साधं? आता झोप लागणार नाही. आत्ताच उघडून बघते.

---

ऐरोलीकर | १७ जून, रात्री ११:३२

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला होता)

---

कोपरीचा_काका | १८ जून, सकाळी ६:५०

मी शाळेत ३१ वर्षं गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालो. संगणकाला माझा विरोध नाही, पण मुलांनी आधी दहा आलेख हाताने काढलेले असावेत असं माझं ठाम मत आहे. कारण आलेखातलं अवघड काम प्रमाण ठरवण्याचं असतं, आणि तेच काम संगणक न विचारता उरकून टाकतो.

प्रमाण घ्यावं १, २, ५ किंवा त्यांच्या दसपटीत. मुलांना कागद पुरेपूर भरायची हौस, म्हणून १ सेमी = ३ एकक घेतात. आलेख कागदावर १ मिमीची चौकट असते, म्हणजे एक बारीक चौकट ०.३ ची झाली. आता ७ कुठे मांडणार? २ सेमी ३ मिमीच्या किंचित पुढे, अंदाजपंचे. पुढे तो वाचतानाही तोच अंदाज. एका आलेखात वीस बिंदू असले की वीस अंदाज. त्यापेक्षा १ सेमी = ५ घ्या, आलेख थोडा लहान झाला तरी हरकत नाही. मासुंदाताईंच्या पाण्यासाठी उभ्या अक्षावर १ सेमी = ५ अंश घेतलं तर ८० अंश १६ सेमीवर येतात आणि अर्धा अंश म्हणजे बरोबर एक बारीक चौकट. कागद पण छान भरतो.

उलटा दोषही बघितलाय. सगळा आलेख कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा आणि बाकी कागद कोरा. निम्म्याहून जास्त कागद वापरला गेला नाही तर मी परत काढायला लावायचो.

पेन्सिल टोकदार. बिंदू म्हणजे बारीक फुली किंवा टिंबाभोवती छोटं वर्तुळ. नुसतं टिंब रेघेखाली गडप होतं, आणि मटारच्या दाण्याएवढं टिंब नक्की कुठे आहे हे देवालाच ठाऊक. अक्षावर राशीचं नाव आणि एकक दोन्ही लिहायचं. नुसतं 'तापमान' लिहून भागत नाही.

चढ काढताना मुलं त्रिकोण चिमुकला घेतात, तिकडेही लक्ष ठेवा. वाचण्यात १ मिमी इकडेतिकडे होणारच. २ सेमीच्या बाजूवर ती चूक शेकडा ५, तर १० सेमीच्या बाजूवर शेकडा १. त्रिकोण मोठा घ्यायला पैसे पडत नाहीत.

---

नववीची_आई | १८ जून, दुपारी १:१५

काका, मग एक भांडण सोडवा. आम्ही नेरूळला. लेकीच्या गणिताच्या सरांनी बिंदू पट्टीने जोडले नाहीत म्हणून अर्धा गुण कापला. विज्ञानाच्या मॅडमनी बिंदू पट्टीने जोडले म्हणून लाल गोल केला. एकाच आठवड्यात, एकाच वहीत! पोर रडकुंडीला आली. विज्ञानाचा प्रयोग स्प्रिंगला वजनं लावायचा होता. ५० ग्रॅमला १.१ सेमी वाढ, १०० ला २.०, १५० ला ३.१, २०० ला ३.९, २५० ला ५.०. तिने एकामागोमाग एक बिंदू जोडले, करवतीसारखं झालं.

---

कोपरीचा_काका | १८ जून, दुपारी ३:४०

दोघांचंही बरोबर आहे, पण दोघांनीही कारण सांगितलेलं दिसत नाही.

गणितातला बिंदू सूत्रातून येतो. क्ष + य = ५ मध्ये क्ष ३ असेल तर य २च, त्यात मतभेद नाही. रेषा दोन बिंदूंनी ठरते, तरी आपण तीन काढतो, कारण तिसरा पहारेकरी. तो रेषेबाहेर पडला की चूक तुमच्या आकडेमोडीत आहे, जाऊन शोधा. आणि बिंदू लांब लांबचे घ्या. (०, ५) आणि (१, ४) घेऊन पट्टी ठेवली की पुढे रेघ हलते. (−१, ६) आणि (६, −१) घेतले की हलायला जागाच नाही. दुसरं समीकरण २क्ष − य = ४ असेल तर छेदबिंदू (३, २) नीट मिळतो.

विज्ञानातला बिंदू मोजून आलाय. पट्टी तिरकी धरली गेली, स्प्रिंग लोंबकळत होती, डोळा वरून पाहत होता. तो थोडा हलणारच. म्हणून तिथे पट्टी अशी ठेवायची की काही बिंदू वर राहतील, काही खाली, आणि रेघ सगळ्यांची मिळून एक. लेकीच्या आकड्यांतून १०० ग्रॅमला २ सेमी अशी सुरेख रेघ निघते, आणि वजन नाही तर वाढ नाही, म्हणून ती आरंभबिंदूतून जाते. करवत काढली की त्याचा अर्थ असा होतो की स्प्रिंग १०० ते १५० मध्ये सैल होती आणि २०० पर्यंत पुन्हा कडक झाली. तसं काही घडलेलं नाही.

एक गुपित सांगतो. प्रयोगवहीत पाचच्या पाच बिंदू रेघेवर तंतोतंत पडले की मी आधी शेजारच्या मुलाची वही मागवायचो.

आणि हो, वारंवारता बहुभुज दिसला की हे सगळं विसरा. तिथे बिंदू पट्टीनेच जोडायचे, दोन्ही टोकांना शून्य वारंवारतेचा एकेक वर्ग धरून अक्षावर आणून टेकवायचे.

---

नववीची_आई | १८ जून, दुपारी ४:०२

दंडवत काका. 'पहारेकरी' आत्ताच तिला सांगितला. ती म्हणते, हे सरांनी का नाही सांगितलं. आता मी काय बोलू?

---

पारसिक_बोगदा | १८ जून, रात्री ९:१०

धागा उशिरा पाहिला. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. माझी निम्मी हयात अंतर-काल आलेख काढण्यात गेली आणि त्याबद्दल कुणी गुण दिले नाहीत.

कंट्रोल चार्ट म्हणजे भला मोठा कागद. आडवी वेळ, उभी स्टेशनं. स्टेशनं समान अंतरावर नाहीत, किलोमीटरच्या प्रमाणात. (ऐरोलीकरांनी सांगितलेली लाइन चार्टची चूक आमच्याकडे कुणी केली असती तर गाड्यांची काशी झाली असती.) प्रत्येक गाडीची एक रेघ. चढ जास्त म्हणजे गाडी वेगात. गाडी उभी म्हणजे रेघ आडवी, वेळ जाते पण किलोमीटर वाढत नाहीत. परतीची गाडी उलट्या उताराची. मागच्या गाडीची रेघ पुढच्या गाडीच्या रेघेला कुठे कापणार हे आधीच दिसायचं, आणि त्याआधी पुढचीला बाजूला घ्यायला कुठल्या स्टेशनावर लूप (बाजूचा जादा रूळ) आहे ते बघायचं. आता हे सगळं पडद्यावर आपोआप उमटतं. आमच्या वेळी पट्टी, रंगीत पेन्सिली आणि कानाला फोन.

मुलांना वेग-काल, अंतर-काल शिकवताना हे द्या. ठाणे-वाशी गाडीचं वेळापत्रक सगळ्यांकडे असतं. उभ्या अक्षावर ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी, किलोमीटर नकाशावरून मोजून. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. जुनी रेघ आणि नवी रेघ काढायला सांगा, नव्या रेघेत एक आडवी पायरी वाढलेली दिसेल.

ठाणेकरांसाठी आणखी एक. १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे ३४ किमी साधारण ५७ मिनिटांत आली. दोन बिंदू मांडा, जोडा, चढ काढा. ताशी ३६ च्या आतबाहेर येईल. मग विचारा, ती गाडी पूर्ण वेळ याच वेगाने धावली का? दोनच बिंदूंमधली सरळ रेघ मधल्या प्रवासाबद्दल काहीही सांगत नाही. हे कळलं की सरासरी वेग कळला.

---

मासुंदा | १८ जून, रात्री ९:३५

बोगदाकाका, तुमच्या आडव्या रेघेवरून सुचलं. दहावीला बर्फ तापवण्याचा आलेख असतो. ० अंशाला आडवी पायरी, १०० ला परत. मुलांना कळत नाही की खाली आच चालू असताना तापमान थांबतं कसं. आता म्हणेन, बर्फ पूर्ण वितळेपर्यंत गाडी सिग्नलला उभी.

---

ऐरोलीकर | १८ जून, रात्री ९:४८

+१. आणि तो आलेख काढताना स्मूद लाइनला हातही लावू नका. ते कोपरे खरे आहेत. गोल केलेत की अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता वितळण्यात किंवा उकळण्यात खर्च होणारी उष्णता) पुसला गेला.

---

खाडीपल्याड | १९ जून, सकाळी ११:०५

वाशीला डीटीपीचं काम करतो, प्रश्नपत्रिका रोजच हाताखालून जातात. झेरॉक्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मशीनला रंग कळत नाही, फक्त गडद-फिकं कळतं. लाल आणि हिरवा साधारण सारखेच गडद, म्हणून एकच राखाडी आला. पिवळा आणि फिका निळा तर पुसूनच जातात. तेव्हा रंगांवर भिस्त नको. एक रेघ सलग, दुसरी तुटक, तिसरी टिंबांची, आणि बिंदूही वेगळे: फुली, वर्तुळ, त्रिकोण. ज्या मुलांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांचीही सोय होते. अकरा जणांत असा एखादा असू शकतो आणि तो सांगत नाही. कोपऱ्यात खुणांची चौकट देण्यापेक्षा रेघेच्या शेवटी थेट लिहा, 'उघडा पेला', 'झाकलेला पेला'. नजर मागेपुढे पळत नाही.

१ मिमीची जाळी छापूच नका. प्रतीची प्रत निघाली की ती चिखल होते. कामपत्रिकेवर ५ मिमीची पुरे, केसासारखी बारीक आणि राखाडी. अक्ष त्याहून जाड, आणि आलेखाची रेघ सगळ्यांत जाड. तीन जाड्या, बस. तुमच्या कागदावर जाळीच सगळ्यांत ठळक होती, म्हणून बाकी हरवलं.

आता खरी मेख. प्रिंट देताना 'फिट टू पेज' असेल तर कागद थोडा आक्रसतो. ९७ टक्के झाला तर तुमचा १ सेमी ०.९७ सेमीचा. मुलगा पट्टीने १० सेमी मोजायला जातो आणि ९.७ येतात. मग तो स्वतःवर संशय घेतो. 'ॲक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडा आणि पहिली प्रत पट्टीने मोजून मगच पुढच्या काढा.

फाइल पीडीएफ न्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला आलेख दाबला जातो आणि अक्षरांना फेस येतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

---

अर्धा_चहा | १९ जून, दुपारी २:२०

शेंगदाणे संपले, आता काडी टाकतो. एवढा खटाटोप कशाला? सरासरी काढली, चढ काढला, उत्तर मिळालं. आलेख नुसता शोभेला.

---

ऐरोलीकर | १९ जून, दुपारी २:५५

काडी ओली आहे, पण घेतो. अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५, आणि सर्वांतून निघणारी रेषा जवळपास एकच, य = ३ + ०.५क्ष. आलेख काढले की एक साधारण सरळ, दुसरा स्वच्छ वक्र, तिसऱ्यात एक बिंदू लांब उडालेला, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत आणि एक दूर एकटा. नुसत्या सरासरीत हे चार सख्खे भाऊ वाटतात.

---

अर्धा_चहा | १९ जून, दुपारी ३:०१

बरं, घेतली मागे. पण मग शून्यापासून सुरू करायचं की नाही ते सांगा. लेकीच्या वर्गात यावर दोन तट आहेत.

---

कोपरीचा_काका | १९ जून, सायंकाळी ५:३०

स्तंभालेख असेल तर शून्यापासूनच. स्तंभाची उंची म्हणजेच किंमत. ७१ आणि ७४ टक्के सरासरीचे दोन वर्ग असले आणि अक्ष ७० पासून सुरू केला तर उंची १ आणि ४ होते, म्हणजे दुसरा वर्ग चौपट हुशार! जून महिना आहे, रस्त्यावरचे क्लासचे फलक बघा, अर्धे असेच असतात.

रेघेचा आलेख असेल तर सक्ती नाही. तिथे बदल बघायचा असतो. मात्र मधला भाग गाळलाय हे अक्षावर नागमोडी खूण करून सांगायचं.

आणि स्तंभ मध्येच कापू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या महिन्याचा रोजचा पाऊस स्तंभांत काढला तर बाकीचे दिवस मुंग्यांएवढे दिसतात. दिसू देत. त्या दिवशी जे झालं ते तसंच होतं. बाकीचे दिवस बघायचे तर त्यांचा वेगळा आलेख काढा.

(अवांतर: पाऊस स्तंभांत, तापमान रेघेत. पाऊस ही बेरीज असते, तापमान सलग चालू असतं.)

---

मासुंदा | २१ जून, रात्री १०:१५

नवी कामपत्रिका आज वाटली. स्कॅटर, ५ मिमी जाळी, उघड्या पेल्याच्या फुल्या, झाकलेल्याची वर्तुळं, वक्र मुलांनी काढायचा. झेरॉक्सवाल्याला पहिली प्रत काढून थांबायला सांगितलं आणि पर्समधून पट्टी काढून मोजली. मागे रांग होती. एक काका म्हणाले, "मॅडम, कागद विकत घेताय की जमीन?"

पाणीही वर्गातच परत तापवलं. खोलीचं तापमान ३० अंश होतं, तिथे मुलांनी आडवी तुटक रेघ मारून ठेवली. वक्र तिच्याकडे वाकायला लागला तसा सगळ्यांनाच चेव आला. वीस मिनिटांना ३७. कुणी घरी जायला तयार नाही. चाळीस मिनिटांना ३१. त्याच नववीतल्या मुलाने विचारलं, "टीचर, टेकणार कधी?" आठवीतली एक म्हणाली, "तुझ्या आईचा फोन आल्यावर." आणि खरंच आला.

पेला तसाच ओट्यावर आहे. अजून ३१च दाखवतोय, की माझेच डोळे ३० बघायला तयार नाहीत कोण जाणे.

---

पारसिक_बोगदा | २१ जून, रात्री १०:२२

होम सिग्नलला घेतलीये ताई. प्लॅटफॉर्म रिकामा झाला की येईल.